वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, पण नेट नाही!

सुरंगी

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, या गल्लीत पहिल्यांदाच येतेय. सांभाळून घ्या.

सासर गुहागरजवळचं. चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं. घरात मोबाइलला रेंज म्हणाल तर परसात विहिरीपाशी दोन दांड्या, बाकी सगळीकडे भोपळा. गेल्या वर्षी वाडीत फायबर आली आणि माजघरात कंपनीने वायफायचा डबा (राउटर) बसवला. तेव्हापासून अण्णांची (सासरे) यूट्यूबवरची कीर्तनं आणि आईंचे नातवाशी व्हिडिओ कॉल मजेत चालले होते.

गणपतीनंतर मात्र काहीतरी बिनसलंय. ओटीवर झोपाळ्यावर बसलं की अण्णांच्या फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. त्याच झोपाळ्यावर, त्याच वेळी माझ्या फोनवर नेट व्यवस्थित चालू! दुपारी बघावं तर उलट, त्यांचं चालू आणि माझं बंद. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की कधी येतं, कधी नाही. तक्रार केली, कंपनीचा माणूस आला, लॅपटॉप लावून बघितलं आणि “आमच्याकडून ओके आहे” म्हणून चहा पिऊन गेला.

दोन प्रश्न. दांड्या भरलेल्या असताना नेट नाही, हे होतं कसं? आणि फोनपासून त्या यूट्यूबपर्यंत मध्ये नेमकं काय काय असतं? अण्णा निवृत्त मुख्याध्यापक आहेत. “सेटिंग गंडलंय” एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही, कारण विचारतात.

ठसका

राउटर बंद करून चालू केला का? नसेल तर करा. केला असेल तर पुन्हा करा.

माझ्याकडून धाग्याला पूर्णविराम.

केबलवाला_कोल्हापूर

ताई, ठसकेरावांचं हसण्यावारी नेऊ नका, निम्म्या तक्रारी तेवढ्यानंच मिटतात. पण आधी डब्यावरचे दिवे बघून सांगा. हा माझा रोजचा धंदा आहे.

‘पॉवर’ हिरवा पाहिजे. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर पाहिजे, म्हणजे फायबरच्या पलीकडच्या टोकाशी बोलणं चालू आहे. ‘एलओएस’ नावाचा दिवा बंद असला पाहिजे. तो लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच येत नाही. मग फोनमध्ये काय बी खुडबुड करू नका, फायबर तुटली किंवा दुमडली आहे. तुमच्या भागात खारी आणि उंदीर लई. वरचं काळं आवरण कुरतडतात, आत केसाएवढी काच, तिला काय दम निघतोय? आणखी एक, टेबल सरकवताना ती पिवळी वायर खिळ्याला गुंडाळून ठेवणारे महाभाग मी लई बघितलेत. फायबर करकचून वाकवली की वळणावर प्रकाश बाहेर गळतो. वायर दिसायला धड, पण नेट रखडत चालतं.

एक्स्चेंजकडून आलेली एक फायबर वाटेत काचेच्या फाटे-डबीत फुटते आणि ३२ किंवा ६४ घरांना जाते. तिथं वीज लागत नाही. म्हणून गावात लाईट गेली तरी तुमचा डबा इन्व्हर्टरवर असला तर नेट चालू राहू शकतं.

कल्याण_स्लो

दिवेबिवे ठीक आहेत हो, पण यात दिव्यांचा काय संबंध? त्यांच्या स्वतःच्या फोनवर नेट चालू आहे ना? म्हणजे फायबर ठणठणीत. हा सरळसरळ भिंतींचा प्रश्न आहे.

डबा माजघरात, माणसं ओटीवर, मध्ये दीड फूट चिरा. हल्लीचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाली वेगवान, पण भिंत आली की लगेच मान टाकते. २.४ वाली लांब जाते, पण तिच्यात गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे त्याच पट्टीत. सरळ मेश सिस्टिम घ्या. तीन डबे येतात. एक माजघरात, एक ओटीवर, एक माडीवर. विषय संपला.

तिरफळ

आला का मेश विकणारा! कोकणातल्या एका घराला दहा-पंधरा हजारांचा फराळ कशाला? शिवाय ओटीवर दांड्या भरलेल्या आहेत असं ताई स्वतः लिहितायत. भिंत आडवी येत असती तर दांड्या पडल्या असत्या. धागा नीट वाचत जा राव.

कल्याण_स्लो

दांड्या २.४ च्या असतील. ५ गिगाहर्ट्झची रेंज किती येते ते विचारा.

विज्ञानवेडी

दोघेही थांबा. सुरंगीताई, आधी अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यातच तुमच्या दुखण्याचं मूळ आहे असं मला वाटतंय.

फोनवरच्या दांड्या फक्त एकच गोष्ट सांगतात: तुमचा फोन आणि तो ज्याला जोडलाय तो डबा यांच्यात रेडिओ लहरी किती जोरात पोचतायत. डब्याच्या पलीकडे काय चाललंय याची त्यांना गंधवार्ताही नसते. फायबर कापून टाकली तरी दांड्या भरलेल्याच दिसतील.

आता पुढची साखळी. फोन वायफायला जोडला गेला की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ओरडून विचारतो, “मला कोणी पत्ता देईल का?” हे खरोखर असंच आहे. तो सगळ्या नेटवर्कभर हाक मारतो आणि राउटरमधला डीएचसीपी नावाचा कारकून उत्तर देतो: “तुझा पत्ता १९२.१६८.१.७, आणि बाहेर जायचं असेल तर १९२.१६८.१.१ या दारातून जा.” हा आयपी ॲड्रेस, आणि ते दार म्हणजे गेटवे. दार चुकलं तर फोन घरातल्या घरात फिरत बसतो.

आता हा पत्ता तुमच्या घरापुरताच. लाखो घरांत १९२.१६८.१.७ असतो. सोसायटीचा टपाली पत्ता एक आणि आत प्रत्येक इमारतीत ‘फ्लॅट नंबर ७’ असतो, तसं. बाहेरच्या जगाला राउटरचा एकच पत्ता दिसतो आणि आत कोणत्या फोनने काय मागितलं होतं याची वही राउटर ठेवतो. याला नॅट म्हणतात. हे का करावं लागलं? जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते आहेत एकूण ४२९ कोटींच्या आसपास आणि जगात उपकरणं त्याहून कितीतरी जास्त. नव्या आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची ददात नाही, आणि तो वापरण्यात भारत जगात पहिल्या काही देशांत आहे, मुख्यतः मोबाइल कंपन्यांमुळे.

पत्ता मिळाला, दार मिळालं. मग फोन विचारतो की यूट्यूब राहतं कुठे? कारण नेटवर्कला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नावावरून आकडा सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. ती बंद पडली की सगळं जोडलेलं असूनही एकही पान उघडत नाही.

या सगळ्यानंतर तुमचा डेटा फायबरमधून कंपनीकडे, तिथून पुढे जातो.

तेव्हा ताई, एक काम करा. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारा. खाली ‘आयपी ॲड्रेस’ आणि ‘गेटवे’ दिसतील. नेट चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या, दोन्ही फोनचे आकडे इथे लिहा. हे घरातले आकडे असल्याने इथे टाकायला हरकत नाही.

मोगरा_मुंबई

वाचनखूण साठवली. विज्ञानवेडी, पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा). आमच्याकडे हे सगळं ‘वायफाय गेलं’ या दोन शब्दांत बसतं.

बापू_सोलापूर

विज्ञानवेडीताईंनी ‘ओरडून विचारतो’ लिहिलं आणि फोनच्या तारेवरून नेट जोडणारा आमचा मोडेम आठवला. तो खरंच ओरडायचा.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. ऑफिसातल्या एका साहेबांकडे जोडणी आली की आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खुर्चीमागे उभे. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं ‘शेल अकाउंट’ होतं, त्यात चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. सुरुवातीचा वेग ९.६ केबीपीएस. आजच्या फोनने काढलेला ३ एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरवायला बसलात तर पाऊण तासाच्या आसपास लागेल, तेही मध्ये फोन कट झाला नाही तर. आणि घरात कोणी रिसीव्हर उचलला की संपलं.

आता नातू ओरडतो, “आजोबा, बफर होतंय.” काय सांगणार त्याला.

ठसका

बापू, तेव्हा दांड्या तरी नव्हत्या. त्यामुळे फसवणूकही नव्हती.

नाकासमोर

कोणीतरी एमबीपीएस आणि एमबी यांचाही घोळ सोडवा. मी १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलंय आणि फाइल उतरवताना दिसतात ११-१२. कंपनी लुटतेय.

तिरफळ

लुटत नाहीये. जाहिरात बिटांत, फाइल बाइटांत. ८ बिटांचा एक बाइट. १०० ला ८ ने भागा, साडेबारा. थोडं वाटखर्चात जातं. तुम्हाला पूर्ण माल मिळतोय, कंपनीला शिव्या दिल्या असतील तर परत घ्या.

पण ज्यांनी ३०० किंवा ५००चा प्लॅन घेतलाय आणि वायरने जोडूनही बरोब्बर ९४-९५ वर अडतंय, त्यांनी मात्र वायर तपासा. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात. १०० च्या वेगाला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार पिनेत नीट बसली नसेल तर दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. क्रम लिहून ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पिनेची खिट्टी खाली, तोंड आपल्यापासून दूर, डावीकडून उजवीकडे. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेली असते आणि तिथेच इलेक्ट्रिशियन चुकतात, कारण त्यांना जोड्या शेजारी-शेजारी लावायची सवय.

केबलवाला_कोल्हापूर

तिरफळ भाऊ, शंभर टक्के. आणि दाबायच्या आधी पिनेच्या पुढच्या टोकातून आठही तांब्याचे ठिपके दिसतात का ते उजेडात धरून बघायचं. सात दिसले की काढायचं, परत करायचं. पोरांना मी हेच पहिल्या दिवशी शिकवतो.

टोरांटोची_माई

सुरंगी, माझे आईवडील देवरुखजवळ असतात, तिथेही टॉवरच्या नावाने बोंबच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू कर. टॉवरची रेंज शून्य असली तरी नेहमीच्या नंबरवरचे साधे फोन वायफायवरून येतात-जातात. भारतात हे डिसेंबर २०१९ पासून आलंय. समोरच्याकडे काही ॲप असायला लागत नाही. आमच्या बाबांच्या फोनवर बँकेचे ओटीपीसुद्धा घरात बसून यायला लागले. त्याआधी दर ओटीपीला ते टेकाडावर जायचे आणि परत येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असायची.

अवांतर: इथून गावी व्हिडिओ कॉल लावते तेव्हा नेहमी वाटतं, हे सगळं सॅटेलाइटवरून कसं काय एवढं भरभर जात असेल!

विज्ञानवेडी

माई, सॅटेलाइटवरून जात नाही, समुद्राखालून जातं. देशादेशांमधला जवळजवळ सगळा डेटा समुद्रतळावर टाकलेल्या फायबरमधून वाहतो. त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. जुन्या पद्धतीचे दळणवळण उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथवर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, आणि प्रश्न-उत्तर मिळून अर्धा. तुमचं बोलणं एकमेकांवर आपटलं असतं.

३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातलं नेट रखडलं होतं. कॉल सेंटरवाल्यांना आठवत असेल.

मध्यरात्रीचा_चहा

आठवतंय ना! आम्ही पुण्यात रात्रपाळीला. अमेरिकेतला क्लायंट विचारतोय “काय झालं?” आणि आमचा मॅनेजर सांगतोय “समुद्रात वायर तुटली”. त्याला वाटलं, आम्ही थापा मारतोय.

नाकासमोर

मग हल्ली केबल तुटल्याची बातमी येते तेव्हा यूट्यूब कसं चालू असतं?

विज्ञानवेडी

कारण ज्याला मागणी जास्त, अशा व्हिडिओंच्या प्रती भारतातच, पुष्कळदा तुमच्या इंटरनेट कंपनीच्या दालनातच ठेवलेल्या असतात. अण्णांचं कीर्तन बहुधा समुद्र ओलांडतच नाही. ओलांडतो तो माईंचा कॉल.

श्रीवर्धनकर

रेंजचा विषय निघालाय म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याकडे किनाऱ्याला लागलं. वीज गेली, खांब आडवे, टॉवर मुके. मुंबईतले नातेवाईक टीव्हीवर आमचं गाव बघतायत आणि आम्ही जिवंत आहोत एवढं कळवायला सोय नाही. फोन धड, सिम धड, पण टॉवरला वीज नाही आणि टॉवरमागची फायबर तुटलेली. तेव्हा कळलं की मोबाइल बिनतारी असतो तो फक्त आपल्या हातापासून टॉवरपर्यंत. पुढे सगळी तारच.

तेव्हापासून घरात बॅटरीवरचा छोटा रेडिओ ठेवलाय. काय करणार.

सुरंगी

बाप रे, केवढे प्रतिसाद! अण्णांना सगळे वाचून दाखवले. बापूंच्या मोडेमवर ते खूश आहेत, म्हणतात त्यांना भेटायला आवडेल. श्रीवर्धनकर, वाचून गलबललं.

विज्ञानवेडीताई, हे आकडे. केबलवाले दादा, डब्यावर पॉन हिरवा स्थिर, लाल काही नाही.

माझा फोन (आत्ता चालू): आयपी १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१
अण्णांचा फोन (आत्ता बंद): आयपी १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१

दोघांच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच आहे. मला यातला फक्त शून्याचा फरक दिसतोय.

विज्ञानवेडी

तो शून्यच चोर आहे!

ताई, तुमच्या घरात एक नाही, दोन राउटर आहेत. दोघेही पत्ते वाटतायत. एक स्वतःला १.१ म्हणवतो, दुसरा ०.१. फोनने हाक मारली की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता फोन घेतो. कंपनीच्या डब्याचा मिळाला तर नेट चालू. दुसऱ्याचा मिळाला तर फोन त्या दारापाशी जातो आणि त्या दारामागे रस्ताच नाही. म्हणून एकाच झोपाळ्यावर एकाचं चालू, दुसऱ्याचं बंद. आणि कंपनीच्या माणसाने लॅपटॉप वायरने थेट डब्याला लावला असेल, त्याला बरोबर पत्ता मिळाला, तोही खोटं बोलत नव्हता.

आठवून सांगा, गणपतीत कोणी दुसरा डबा आणून लावला का?

सुरंगी

अय्या! पुतण्या आला होता पुण्याहून. “ओटीवर रेंज कमी येते काकू, माझ्याकडे जुना राउटर पडून आहे” म्हणून त्याने खुंटीच्या वर एक काळा डबा लावला आणि माळ्यावरून वायर ओढून माजघरातल्या डब्याला जोडली. पोरगं तर लगेच निघून गेलं, आम्हाला वाटलं तो नुसता ‘रेंज वाढवायचा’ डबा आहे.

कल्याण_स्लो

म्हणजे ओटीवर रेंज कमी होतीच! भिंत! मी म्हटलं होतं.

तिरफळ

म्हटलं होतंत. पाव मार्क तुम्हाला. पण पोराने वायर ओढली, मेश नाही विकत घेतली, म्हणून उरलेले पाऊण त्याला.

आता उपाय. त्या काळ्या डब्याच्या मागे बघा. चार भोकं एका रंगाची आणि एक वेगळ्या रंगाचं, बहुधा निळं, त्यावर ‘वॅन’ (बाहेरून येणाऱ्या नेटसाठी) लिहिलेलं. वायर चारपैकी एकात असणार. ती काढून वॅनमध्ये खोचा. झालं.

विज्ञानवेडी

तिरफळ, चालेल, पण दोन अडचणी. जुना राउटर पुण्यात कुठल्या तरी कंपनीच्या यूजरनेम-पासवर्डने जोडला जात असेल, तर वॅनमध्ये वायर घालूनही तो तेच जुनं यूजरनेम दाखवत बसेल. आत जाऊन ‘डायनॅमिक आयपी’ (पत्ता आपोआप घेणं) निवडावं लागेल. दुसरं, मग घरात दोन वेगळी नेटवर्क होतात, एकात एक. ओटीवरच्या फोनवरून माजघरातल्या टीव्हीवर व्हिडिओ टाकायला गेलात तर टीव्ही दिसणार नाही.

माझं मत: वायर आहे तिथेच राहू द्या. काळ्या डब्याची माजघराकडची वायर तात्पुरती काढा, फोन त्याच्या वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाका. पासवर्ड बहुधा डब्याच्या बुडाशी चिकटवलेला असतो, नाहीतर पुतण्याला विचारा. आत ‘डीएचसीपी सर्व्हर’ असेल तो बंद करा. मग ‘लॅन’ (घरातलं नेटवर्क) खाली त्या डब्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. आधी मुख्य डब्याच्या सेटिंगमध्ये बघून घ्या की तो १.२ दुसऱ्या कुणाला देत नाही. बदल साठवताना फोन तुटेल, घाबरू नका. वायर परत लावा. दोन्ही डबे २.४ वर वेगवेगळ्या चॅनेलवर ठेवा, १ आणि ६ किंवा १ आणि ११, म्हणजे एकमेकांत कालवाकालव होणार नाही. शेवटी प्रत्येक फोनवर ते वायफाय ‘विसरा’ आणि नव्याने जोडा, नाहीतर जुना पत्ता काही वेळ तसाच चिकटून राहील.

आता काळा डबा पत्ते वाटणार नाही, फक्त वायफाय पसरवेल. पत्ते वाटणारा घरात एकच असला पाहिजे.

गुगलबाबा_की_जय

एवढं कशाला? डीएनएस गुगलचा, ८.८.८.८ करा, स्पीड डबल.

विज्ञानवेडी

नाही हो. डीएनएस फक्त नाव-पत्ता सांगतो, व्हिडिओ वाहून आणत नाही. कंपनीचा डीएनएस रडत असेल तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ने पानं लवकर उघडायला लागतात, हे खरं. पण अण्णांच्या फोनला दारच चुकीचं मिळालंय. त्या फोनवरून ८.८.८.८ पर्यंत जाणार कसे?

मोगरा_मुंबई

थोडं विषयांतर. वायफायचं कळलं. पण लोकलमध्ये माझ्या फोनवर ठसठशीत ‘५जी’ दिसतं आणि साधा मेसेज जात नाही. तिथे तर कोणा पुतण्याने डबा लावलेला नाही!

कल्याण_स्लो

या प्रश्नावर मी अधिकारी माणूस आहे, रोज दीड तास तोच अभ्यास.

सिममध्ये एक गुप्त किल्ली असते, ती सिमबाहेर कधीच जात नाही. फोन चालू केला की नेटवर्क एक यादृच्छिक आकडा पाठवतं, सिम त्या किल्लीने त्याचं उत्तर काढतं, उत्तर जुळलं की तुम्हाला आत घेतात. मग टॉवर तुम्हाला डेटाची वाट देतो आणि आयपी पत्ता कंपनीकडून येतो. गाडी पुढे गेली की एका टॉवरकडून दुसऱ्याकडे हस्तांतर. आता ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये हजारो फोन, सगळे एकदम त्याच टॉवरवरून पुढच्या टॉवरवर उड्या मारतायत. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. तुमच्या वाट्याला थेंब. दांड्या मात्र भरलेल्या, कारण सिग्नल जोरात आहे, रांग मोठी आहे.

५जी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. काही कंपन्यांचं ५जी हे ४जीच्या खांद्यावर उभं आहे. तिथे जोडणी ४जीवरच असते, डेटासाठी गरज पडली तर ५जी जोडीला घेतात, पण चिन्ह ५जीचं दिसू शकतं.

उपाय: विमान मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करा, फोन नव्याने नोंदणी करतो. नाहीच जमलं तर प्रवासाच्या तेवढ्या टप्प्यात ४जी निवडून ठेवा. आणि फक्त डेटाच येत नसेल, फोन येत-जात असतील, तर एपीएन (कंपनीच्या डेटाचं दार ठरवणारं सेटिंग) तपासा. दुसऱ्या कंपनीत नंबर पोर्ट केल्यावर हमखास तिथे जुनं काहीतरी राहिलेलं असतं.

तिरफळ

हे चांगलं लिहिलंत. मेशचं माफ.

नाकासमोर

अजून एक भर घालतो, फोनची तारीख-वेळ बघा. आमच्या मावशींच्या फोनची बॅटरी पार उतरली आणि तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात गेली. वायफाय चालू, पण प्रत्येक पान ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणायचं. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, फोनला वाटतं अजून ती सुरूच झाली नाही. तारीख ‘आपोआप’वर टाकली, सगळं सुरळीत.

सुरंगी

जमलं!! पुतण्याला व्हिडिओ कॉलवर बसवून (परसातून, विहिरीपाशी उभं राहून) पासवर्ड काढून घेतला आणि ताईंनी सांगितलं तस्सं केलं. डीएचसीपी बंद केल्यावर डबा काही बोलेना, तेव्हा पोटात गोळा आला. पण वायर परत लावली आणि दोघांच्याही फोनवर १.१ दिसलं. अण्णांनी स्वतः वहीत दोन्ही डब्यांचे पत्ते लिहून ठेवलेत, काळ्या डब्यावर कागद चिकटवलाय: “हा पत्ते वाटत नाही.”

माई, वायफाय कॉलिंग माझ्या फोनवर लगेच चालू झालं. अण्णांच्या फोनवर मात्र तो पर्यायच दिसत नाही. त्यांचा फोन चार-पाच वर्षांपूर्वीचा, दोन सिमवाला आहे.

टोरांटोची_माई

बाबांच्या फोनलाही आधी दिसत नव्हतं. सेटिंगमध्ये प्रत्येक सिमसाठी वेगळं असतं, दोन्ही सिमच्या आत जाऊन बघ. आधी ‘व्होल्टे’ (४जीवरून साधे कॉल) चालू असावं लागतं. आणि फोनचं सॉफ्टवेअर अपडेट कर, आमच्याकडे त्यानंतर उगवलं. काही मॉडेलना मात्र कंपनी ती सोय देतच नाही.

केबलवाला_कोल्हापूर

ताई, आता शेवटचं काम. दोन्ही डबे बहुधा १२ व्होल्टचे असतील, अडॅप्टरवर लिहिलेलं असतंय. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतोय, एक माजघरात लावा. पण अँपिअरचा आकडा जुळवून घ्या, कमी पडला तर डबा सारखा बंद-चालू होतोय आणि लोक फायबरला शिव्या घालतात. काळ्या डब्याला नाही लावला तरी चालतंय, लाईट गेल्यावर अण्णा माजघरात येऊन बसतील.

सुरंगी

अण्णा माजघरात येऊन बसतील? दादा, तुम्ही अण्णांना ओळखत नाही. दोन घेते.